टोमॅटो विरुद्ध बंगळूरी वांगं

मुन्सफकाका कुणासाठी खुर्चीतून उठत नसत. नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घराच्या व्हरांड्यात एक वेताची खुर्ची होती. पाहुणे आले, व्याही आले, एकदा तर त्यांच्या हाताखाली काम शिकून पुढे मोठ्या कोर्टात गेलेले जजसाहेब आले, तरी काका बसल्या बसल्याच हात वर करून "या" म्हणायचे. गुडघे दुखत असतील म्हणावं, तर तेच गुडघे मुडपून ते टोमॅटोच्या वाफ्यात तासभर बसून राहत. एकदा मी धीर करून विचारलं. ते म्हणाले, जन्मभर लोक आपल्यासाठी उठले, आता उलटी सवय लावून घ्यायचं वय राहिलं नाही.

मी त्यांचा भाडेकरू. उदगीरहून हैदराबादेत आलो तेव्हा शहरात नवं वारं सुटलं होतं. परदेशी नावांचे टीव्ही दुकानांत दिसायला लागले होते, गल्लोगल्ली एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या, केबलवाल्यांनी या गच्चीवरून त्या गच्चीवर तारा ओढल्या होत्या, आणि मी एका खाजगी कंपनीची वॉशिंग मशीनं विकत दारोदार फिरत होतो. खोली बघायला गेलो तर काकांनी पगार विचारला नाही. शेतकऱ्याघरचा आहेस का, एवढं विचारलं. हो म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला: अंगणात लावायला टोमॅटो बरा की बंगळूरी वांगं? बंगळूरी वांगं म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हतं, तसं मी सांगून टाकलं. काकांना फार आनंद झाला. ज्याचं मत आधीपासून ठरलेलं नाही असाच माणूस त्यांना वकील म्हणून पाहिजे होता. खोली मिळाली, आणि खोलीबरोबर वकीलपत्रही मिळालं.

बंगळूरी वांगं हे वांगं नव्हे. पेरूपेक्षा मोठं, फिकट हिरवं फळ असतं, आणि त्याचं एक टोक असं सुरकुतलेलं असतं की बोळक्या आजोबांनी ओठ मिटून घेतलेत असं वाटतं. तेलुगू लोक डाळीत, नाही तर कुटू म्हणतात त्या डाळ घातलेल्या दाटसर भाजीत घालतात. काकांना ते बंगळूरच्या एका जुन्या स्नेह्यानं आणून दिलं. काकूंनी त्याची भाजी केली, पण एक फळ फडताळात मागे राहिलं आणि महिन्याभरानं बघतात तर त्याच्या मिटलेल्या तोंडातून कोंब बाहेर आलेला. त्याचं बी काढून पेरायचं नसतं, अख्खं फळच आडवं करून अर्धं मातीत बसवायचं, हे काकांनी कुठूनसं माहीत करून घेतलं. बी काढायला गेलात तर जीवच जातो त्याचा, असं ते सांगायचे.

आता अडचण अशी की अंगणात ऊन आणि पाणी दोन्ही मिळेल अशी जागा एकच होती, कंपाउंडच्या भिंतीलगतचा पट्टा. तिथं काकूंचे टोमॅटो वर्षानुवर्षं होते. वेलाला मांडव घातला तर टोमॅटोवर सावली पडणार, मांडव नाही घातला तर वेल जमिनीवर कुजणार. दुसऱ्या कुणी दोन रोपं इकडची तिकडं केली असती. काकांनी पट्ट्याच्या एका टोकाला फळ बसवलं, वर तात्पुरता मांडव घातला आणि खटला भरला.

याचं कारण त्यांच्या घडणीत होतं. तीन पिढ्या सरकारी नोकरी केलेलं मराठी घराणं. काका कोर्टात लागले ते निजामाच्या राज्यात, आणि तेव्हा कोर्टाचं सगळं काम उर्दूत चालायचं. राज्य गेलं, कोर्टाची भाषा बदलली, काका मुन्सफ होऊन निवृत्त झाले, पण त्यांच्या तोंडून कायदा निघाला की तो उर्दूतूनच निघायचा. भूक लागली, खोकला आला, लाईट गेली, हे सगळं मराठीत. न्याय मात्र उर्दूत. दर रविवारी आंघोळ झाली की ते धोतरावर काळा कोट चढवून आतल्या खोलीतून बाहेर येत, आणि आम्ही सगळ्यांनी उभं राहायचं असा दंडक होता. वरच्या मजल्यावर बँकेतले राव राहायचे. त्यांच्याकडे पुकारा करायचं काम होतं. ते जिन्यात उभे राहून मोठ्यानं म्हणत, "टमाटा बनाम बेंगळूर वंकाया, हाजिर हो." समोरच्या घरातली माणसं आधी खिडकीत यायची. पुढे त्यांनीही यायचं सोडलं.

माझ्याकडे वेलाची बाजू होती. टोमॅटोचे वकील होते काकांचे चिरंजीव. ते कुकटपल्लीच्या बाजूला एका नव्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते, तिकडेच भाड्यानं राहत आणि रविवारी स्कूटरवरून आईवडिलांना भेटायला येत. गमतीत ते छान भाग घ्यायचे. टोमॅटो तीन महिन्यांत फळ देतो, म्हणायचे, आणि तुमचा वेल एक पावसाळा नुसताच पानं दाखवतोय. मी म्हणायचो की टोमॅटोला दरवर्षी नवं रोप, नवी काठी, नवी अळी. वेल एकदा रुजला की मूळ जमिनीत जाडजूड होऊन बसतं, वरचं वाळलं तरी खालून पुन्हा फुटतं. ते म्हणायचे, हैदराबादचा उन्हाळा बघितलाय का वकीलसाहेब? तिथं मी हरायचो. मे महिन्यात वेलाची पानं दुपारी अशी लोंबायची की बघवत नसे, आणि काकू त्याच्या बुडाशी ओली पोती टाकून ठेवत.

काकांची न्यायबुद्धी फार कडक. एका बाजूला एक तांब्या जास्त पाणी पडलेलं त्यांना खपायचं नाही. दोघांना सारखं. मी शेतकऱ्याचा मुलगा, मी सांगून पाहिलं की टोमॅटोला इतकं पाणी झेपत नाही, फळं तडकतात, आणि वेलाला एवढ्यानं होत नाही, त्याची तहान मोठी. ते ऐकून घेत आणि म्हणत की एका पक्षकाराला जास्त दिलं की न्याय संपला. मग टोमॅटो तडकत आणि वेल सुकत, आणि न्याय चालू राहत असे.

हे सगळं हसण्यावारीच चाललं असतं. पण त्या पावसाळ्यात चिरंजीवांनी बिल्डर आणला.

नल्लकुंट्यातली बरीच घरं तेव्हा अशीच जात होती. पुढे अंगण, मागे चिंच किंवा कडूनिंब, मधे चार खोल्या, असं घर पाडायचं आणि तिथं चार मजली अपार्टमेंट उभं करायचं. जागा मालकाची, पैसा बिल्डरचा, फ्लॅट वाटून घ्यायचे. चिरंजीवांचं म्हणणं वावगं नव्हतं. छप्पर गळत होतं, वर चढून कौलं नि पत्रे सारखे करायचं काकांचं वय उरलं नव्हतं, आणि आईवडिलांपाशी राहायचं तर त्यांना जागा हवी होती. काकांना मात्र घर सोडायचं नव्हतं. ही प्रत्येक भिंत त्यांनी नोकरीतल्या रजा टाकून स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. ते सरळ नाही म्हणाले असते तर प्रश्न मिटला असता. पण सरळ बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते म्हणाले की या जागेवर एक मुकदमा चालू आहे, आणि मुकदमा चालू असताना जागेत काही बदल करता येत नाही.

चिरंजीव हसले, आणि नंतर हसेनासे झाले. पुढच्या रविवारी ते वकील म्हणून उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता.

"बाबा, किती तारखा द्याल? हौ म्हणा नाही तर नक्को म्हणा. दरवर्षी जुनं उपटून नवं लावतात म्हणून टोमॅटो पिकतो. माझं घराबद्दल तेवढंच म्हणणं आहे."

 मग काकांनी जे केलं ते फक्त तेच करू शकत होते. त्यांनी मुलाचं म्हणणं अर्जात दाखल करून घेतलं. संक्रांत ही शेवटची मुदत. तोवर वेलाला खाण्याजोगं एक जरी फळ धरलं, तर वेल जिंकला आणि घर जसं आहे तसं राहील. नाही धरलं, तर टोमॅटो जिंकला, काका स्वतः बिल्डरला बोलावतील. आपलं सगळं घर त्यांनी एका परक्या वेलावर टांगलं आणि तरीही दुसऱ्या दिवसापासून पाणी दोघांना सारखंच घातलं. मला त्यांचा राग आला. रावांना तर रडूच यायचं बाकी राहिलं, कारण एवढ्या भाड्यात दोन खोल्या त्यांना हैदराबादेत कुठं मिळणार नव्हत्या.

काकूंची साक्ष झाली ती या दिवसांतच. काकू ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या, आणि अंगणातल्या हापशापासून स्वयंपाकघरापर्यंत घागरी वाहून एका खांद्यानं जरा उतरलेल्या. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या तेव्हा काकांनी त्यांना नियम सांगितला: जितकं विचारलं तितकंच सांगायचं, जास्त बोललं की साक्ष बिघडते. चिरंजीवांनी विचारलं, साराला किती टोमॅटो लागतात. पाचसहा, त्या म्हणाल्या. रोज लागतात? जवळजवळ रोज. मग माझी पाळी. मी विचारलं, बंगळूरी वांग्याची चव कशी असते. ज्यात घालावं त्याची, त्या म्हणाल्या. मी खाली बसलो. त्या म्हणाल्या, "आणखी एक सांगायचं होतं." काकांनी बोट वर केलं, साक्ष संपली असं सांगितलं, आणि काकू आत निघून गेल्या.

दसऱ्यानंतर दिवस लहान झाले आणि वेलाला फुलं आली. पानांखाली दडलेली, हिरवट पांढरी, बारीक. काही फुलांच्या मागं हरभऱ्याएवढी फळं दिसली. मी रोज कामावर जाताना आणि आल्यावर मांडवाखाली मान वर करून उभा राहायचो. फळं अंगठ्याएवढी व्हायची, पिवळी पडायची आणि गळायची. पलीकडे टोमॅटोच्या काठ्या लालभडक ओझ्यानं वाकल्या होत्या. काकू ते तोडून शेजारीपाजारी वाटत.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी पुकारा करताना रावांचा आवाज भलताच उत्साही लागला. काका मांडवाखाली गेले, त्यांनी एक पान उचललं, आणि तिथं मुठीएवढं, ताजं, हिरवं बंगळूरी वांगं लोंबत होतं.  काकांनी चष्मा लावला. फळ वेलाच्या देठाला मोगऱ्याच्या गजऱ्याच्या दोऱ्यानं बांधलेलं होतं. चिक्कडपल्लीच्या बाजारातली पिशवी तर राव लपवायलाही विसरले होते, ती जिन्यावरच पडली होती.

"ये गवाह खरीदा हुआ है," काका म्हणाले.

रावांनी हात जोडले. "मुन्सफ साब, क्या तो भी करो, घर नक्को तोडो."

काकांनी दोरा सोडवला. आठवडाभर दोन्ही बाजूंना पाणी रावांनी घालायचं, अशी शिक्षा झाली. फळ जप्तीचा माल म्हणून स्वयंपाकघरात गेलं. दुपारी काकूंनी ते डाळीत घातलं, आम्ही सगळ्यांनी खाल्लं, काका मात्र डाळीची वाटी बाजूला सारून नुसता ताकभात जेवले. दोरा दिसलाच नाही असं दाखवलं असतं तर घर वाचत होतं, मुलगासुद्धा काही बोलला नसता. पण ते तसे नव्हते, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा माणूस नुसता विक्षिप्त नाही. हा आपल्याच विरुद्ध निकाल देणार आहे.

संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ झाला आणि काका कोट घालून बाहेर आले. आम्ही उभे राहिलो. वेलावर त्या सकाळी अंगठ्याएवढं एक फळ अजून टिकून होतं, हिरवंगार. मी मुदत मागितली. अगदी काकुळतीला येऊन मागितली. ते म्हणाले, आखरी मुहलत आखरीच असते, ती मी कुणाला वाढवून दिली नाही, स्वतःला कशी देऊ. मग त्यांनी फैसला सांगितला. टोमॅटोनं जे कबूल केलं ते वेळेवर दिलं. वेलानं दिलं नाही. वेलाचा दावा खारिज. घराच्या बाबतीत मुलाचं म्हणणं मान्य. आवाज जराही हलला नाही. फक्त खुर्चीच्या हाताचा वेत एका जागी सुटला होता, तो ते बोटानं पुन्हा पुन्हा आत सारत होते. चिरंजीवांनाही जिंकल्याचा आनंद झाला नाही. ते खाली बघत उभे होते.

कागद तयारच होते. मालकाच्या सहीची जागा काकूंची होती. तो प्लॉट काकूंच्या वडिलांनी लेकीला लग्नात दिलेला, म्हणून घर काकूंच्या नावावर. हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही वर्षभराच्या त्या खटल्यात एकाच्याही मनात आलं नव्हतं. चिरंजीवांनी पेन पुढं केलं आणि म्हणाले, आई, इथं सही कर.

काकूंनी पेन घेतलं नाही. त्यांनी विचारलं, फैसला झाला ना? झाला, काका म्हणाले.

"मग आता बोलायला हरकत नाही. साराला टोमॅटो किती लागतात ते मला विचारलंत, मी सांगितलं. भाजीची चव विचारलीत, ती सांगितली. जितकं विचारलं तितकंच सांगायचं होतं. जागा कुणाची, ते कुणी विचारलं नाही."

 काकांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला. जागेच्या मालकाला पक्षकार न करता जागेचा खटला. नवख्या वकिलानंही करू नये अशी चूक, आणि ती मुन्सफाच्या अंगणात, मुन्सफाच्याच हातून, वर्षभर. असे खटले त्यांनी नोकरीत पहिल्याच पेशीला बाहेर फेकले होते. त्यांचा चेहरा मी बघत होतो. आधी तो उतरला, मग हळूहळू त्यावर काहीतरी वेगळंच आलं, आणि ते म्हणाले की मुकदमा मुळापासून रद्द. मग काकूंकडे वळून, कोर्टात पक्षकाराला विचारतात तसं, अहोजाहो करत त्यांनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

चाळीसेक वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला असावा. काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. पण क्षणभरच.

आम्ही सगळे धरून चाललो होतो की त्या घर वाचवणार. राव तर देवाला हात जोडून मोकळे झाले होते. काकू म्हणाल्या, घर पाडायला माझी ना नाही. हापशाचं पाणी ओढून खांदा गेला. ओट्याशी नळ पाहिजे, खिडकी पूर्वेला पाहिजे, आणि तळमजला पाहिजे. भिंतीकडचा हा पट्टा मात्र मातीचाच राहील. टोमॅटो पुढच्या अंगाला, वेल कोपऱ्यात, मांडव भिंतीवरून पलीकडे काढायचा म्हणजे सावली पडणार नाही. वर्षभर जे न्यायालयाला सुचलं नव्हतं ते त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. चिरंजीव म्हणाले, आई, नकाशात तिथं गाड्यांची जागा आहे, आणि वेल तर हरलाय.

"दोन उन्हाळे मी त्याला ओली पोती घातलीत. फळ आलं नाही म्हणून उपटायचं म्हटलं, तर या घरातलं बरंच काही उपटावं लागेल. हे कागदात लिहून आणा, मग सही."

बिल्डर पुन्हा पुन्हा आला. त्यानं आधी गोड बोलून पाहिलं, मग नियम दाखवले, मग म्हणाला दुसरी जागा बघतो. काकू दरवेळी त्याला चहा देत आणि दरवेळी तेच सांगत. शेवटी त्यानं एका मोटारीची जागा सोडली. नव्या जमान्यात सगळ्या गल्लीला गुंडाळणारा तो माणूस एका ठेंगण्या बाईपुढं थकला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि मला अतोनात बरं वाटलं.

त्या अंगठ्याएवढ्या फळाचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. ते गळलं नाही. घर रिकामं करायच्या गडबडीत ते मुठीएवढं झालं, पाठोपाठ आणखी धरली. काका मांडवाखाली उभे राहून म्हणाले, गवाह देर से आया. त्या दिवशी त्याची भाजी झाली, ती त्यांनी चाखली, पाणचट आहे म्हणाले, आणि पुन्हा वाढायला सांगितली.

बांधकाम चाललं तोवर दोघं चिक्कडपल्लीत भाड्यानं राहिले. काका रोज सकाळी चालत यायचे आणि सिमेंटच्या धुरळ्यात उभे राहून वेलाला पाणी घालायचे. गवंडी हसायचे. किती घालायचं ते काकूंनी सांगून पाठवलेलं असे, आणि आता ते सारखं नसे.

मी कुकटपल्लीला गेलो, लग्न झालं, तरी सवड मिळेल तसा तिकडे जात राहिलो. रावांनी कर्ज काढून त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वेल त्यांच्या बाल्कनीच्या गजांपर्यंत चढला होता, आणि कुणी गेलं की राव आपल्या हातानं फळ तोडून दाखवायचे, दोरा नाही बघा म्हणायचे. तळमजल्यावर, मातीच्या पट्ट्याला लागून, काकांची तीच वेताची खुर्ची होती. मी गेलो की ते बसल्या जागेवरून हात वर करून "या" म्हणत. एकदा मी असाच समोर बसलो होतो, तेवढ्यात काकू तांब्या घेऊन टोमॅटोपाशी जायला बाहेर आल्या. काका दोन्ही हात टेकून, गुडघ्यांचा आवाज करत, खुर्चीतून उठले. मला वाटलं त्यांना आत जायचंय. ते कुठं गेले नाहीत. धोतर सारखं करून ताठ उभे राहिले, आणि काकूंनी मागं न बघता "बसा" म्हटल्यावर मग बसले.